गुहागरच्या घरापुढे लाकडी पर्गोला की गाडीसाठी छप्पर? सल्ला हवा

पाटवाट

मंडळी, गुहागर तालुक्यात आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. समुद्र सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर. आई-बाबा आता वर्षभर तिथेच असतात, आम्ही ठाण्याहून जाऊन-येऊन. घरापुढे खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या उत्तरेला, फाटकातून आत आल्यावर, गाडी उभी करायची जागा. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही. मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि जुलैत डिकीतून पिशव्या काढेपर्यंत माणसासकट सगळं भिजतं.

घरात तीन मतं आहेत. बायकोला पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी पर्गोला हवाय, वर मधुमालती चढवलेला. बाबा म्हणतात, शेड घाला आणि विषय संपवा. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी पाइप आणि निळे पत्रे असं कोटेशन देऊनही टाकलंय. मला मात्र घरासमोर निळा पत्रा नको आहे. लाकूडच हवं.

जमेची बाजू म्हणजे तौक्ते वादळात (मे २०२१) मागच्या परड्यातला जुना फणस आडवा झाला. तो तेव्हाच गिरणीत चिरून घेतला होता. पाच इंची चौकोनी सहा खांब आणि काही फळ्या तेव्हापासून गोठ्यात रचून ठेवल्या आहेत. त्या वापरता येतील का? खांब जमिनीत कसे रोवायचे? वर काय घालायचं? ज्यांनी स्वतः बांधलंय किंवा बांधून घेतलंय त्यांनी जरूर लिहा.

खोताचा बापू

लाकूड, रंग, पर्गोला वगैरे नंतर. आधी त्या जागेवर उभा राहा आणि वर बघ. माड आहे का डोक्यावर? असला तर त्याच्या झावळीच्या टोकापासून लांब सरक. नारळ पडला तर कौल गेलं, पत्र्याला पोचा आला. आणि तुझ्या बायकोच्या पट्ट्यांच्या मधून आला तर थेट काच. गाडीच्या विम्यात ते बसतं की नाही, ते इथले शहाणे सांगतील.

दुसरं, तुमच्याकडे वानरं किती? आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी कौलं काढून पत्रे घातले ते हौसेने नाही. वानरं कौलांवर नाचतात, मग पावसाच्या आधी फुटकी कौलं बदलायला माणूस मिळत नाही.

अबोली_प

मी व्यवसायाने आर्किटेक्ट, माहेर दापोलीचं. पाटवाट, तुमच्या घरातल्या पहिल्या दोन मतांमध्ये खरं तर भांडणच नाही, कारण पर्गोला आणि गाडीचं छप्पर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्गोला म्हणजे उघडी चौकट. पाऊस अडवणं हे तिचं कामच नाही. राहिलं ऊन. तर त्याचा हिशोब करून बघा.

तुमचं गाव साधारण १७.५ अक्षांशावर. मेच्या १० तारखेच्या आसपास दुपारी सूर्य तुमच्या बरोबर डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाखालीच. त्या वेळी पट्ट्या कितीही खोल असोत, सावली पडते ती फक्त पट्टीच्या जाडीइतकी. दोन इंचाची पट्टी, मग सहा इंच मोकळं, असा नेहमीचा नमुना घेतला तर पाव भाग सावली आणि पाऊण भाग ऊन. म्हणजे ज्या महिन्यासाठी सगळा खटाटोप, त्याच महिन्यात पर्गोला सुट्टीवर. फोटोत जो दिसतो तो बहुतेक युरोपातला असतो. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही तिरकाच, म्हणून उभ्या पट्टीची लांब सावली मिळते.

त्यामुळे गाडीवर बंद छप्परच हवं. मापं साधारण अशी: गाडीची रुंदी सहा फूट धरा, दोन्ही बाजूंना दार उघडून माणूस उतरायला अडीच-अडीच फूट, म्हणजे खांबांच्या आतून-आत अकरा फूट. लांबी अठरा. छप्पर सगळीकडे बाहेर काढून चौदा बाय वीस. तुळईखाली साडेसात फूट मोकळे मिळाले की टपावर कॅरिअर असला तरी चालतं.

दुर्बीण

पाऊण भाग ऊन! म्हणजे पर्गोल्याचं बजेट पण पाऊण भाग वाया. धाग्याला वाचनखूण लावली आहे, आमच्याकडेही हाच सामना चालू आहे.

रंधा_कानस

फणसाचं वाचून बरं वाटलं. लोक बाहेरच्या कामाला डोळे मिटून साग म्हणतात. पण कोकणातल्या जुन्या घरांचे खांब, चौकटी, दारं बघा, फणस भरपूर सापडेल. जून झाडाचा पिवळा गाभा वाळवी सहसा खात नाही. अट एकच, गाभाच हवा. सालीलगतचा पांढरट भाग कुठल्याही झाडाचा असो, अगदी सागाचा असला तरी, वाळवी आणि बुरशी तो खातेच. तुमच्या सहा खांबांच्या कडांना पांढरा पट्टा किती राहिलाय ते बघा. एखाद्या कोपऱ्यावर असेल तर तासून काढा, साडेचार इंची खांबही पुरेल.

वाळण्याचं ढोबळ गणित इंचाला एक वर्ष. पाच इंची खांब आतून अजून थोडे ओले असतील. जोडकाम झाल्यावर ते किंचित आकसतील आणि एखादी उभी चीर पडेल. उभ्या चिरीने खांब कमजोर होत नाही, घाबरू नका. फक्त चीर असलेली बाजू पावसाच्या दिशेला, म्हणजे नैऋत्येला, करू नका.

बाकीचं लाकूड:

ऐन मजबूत आणि जड, पण फार चिरतो आणि खिळा सहजी घेत नाही, भोक पाडूनच ठोकावा लागतो. वाशांना, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडांना, चांगला. किंजळ ओल सोसतो, मिळाला तर सोडू नका. शिवण हलकी, वाकत-पिळत नाही, पण खांबाला नको. आंबा बाहेर अजिबात नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. माडाच्या जून खोडाचा बाहेरचा काळपट, कठीण भागच कामाचा, आतला भुसभुशीत टाकून द्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: खांब जमिनीत रोवू नका. काँक्रीटमध्येही नाही.

जर्सीकर

रंधा_कानस, शेवटचा मुद्दा समजला नाही. मी न्यू जर्सीत मागच्या अंगणात पर्गोला बांधलाय. इथे खांबासाठी तीन फूट खोल जावंच लागतं, कारण हिवाळ्यात जमीन गोठते आणि उथळ पाया वर उचलला जातो. टाउनशिपची परवानगी आणि खड्ड्यांची तपासणी झाल्याशिवाय काँक्रीट ओतता येत नाही. पुष्कळ लोक खांब थेट खड्ड्यात उभा करून भोवती काँक्रीट ओततात आणि ते वर्षानुवर्षं उभे आहेत.

रंधा_कानस

जर्सीकर, तुमच्याकडचा खांब पाइनचा, पण दाबाखाली तांब्याची रसायनं आत मुरवलेला. पूर्वी त्यात आर्सेनिकही असायचं, ते घरगुती कामासाठी २००३ अखेर बंद झालं. तो खांब मातीतच जायला तयार केलेला असतो. तसं लाकूड तालुक्याच्या गावात कोण देणार? वरून पुसलेलं औषध काही मिलिमीटरच आत जातं.

शिवाय काँक्रीटमध्ये काय होतं ते सांगतो. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, काँक्रीट नाही. मध्ये केसाएवढी फट पडते. पहिल्या पावसात खांबावरून ओघळणारं पाणी त्या फटीतून खाली जातं आणि तिथून बाहेर यायला वाट नसते. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी धरते. खांब वरून ठणठणीत दिसतो आणि जमिनीलगत बोट घातलं तर भुसा हातात येतो. पुण्यात एका हॉटेलच्या अंगणात मी हे पाहिलंय. वरच्या पॉलिशला चकाकी होती आणि चारही खांब बुडाशी गेलेले.

उपाय साधा आहे. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर सहा इंच आणा, माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. त्यात लोखंडी बूट बसवा. सहा मिलिमीटर पट्टीचा इंग्रजी यू, खाली पाय काँक्रीटमध्ये गाडलेले, भट्टीत जस्त चढवून घेतलेला. खांबाचं बूड काँक्रीटपासून दोन इंच वर राहील असं बघा आणि बुटाच्या तळाला भोक ठेवा, म्हणजे पाणी साठणार नाही. त्या मोकळ्या दोन इंचांचा आणखी एक फायदा आहे. वाळवी वर चढायची तर तिला लोखंडावरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती तुमच्या बाबांना पडवीत बसल्या बसल्या दिसेल. रोवलेल्या खांबात ती आतून जाते, कुणाला पत्ता लागत नाही.

खोताचा बापू

हे नवीन काय सांगितलंस रे? आमच्या घराचे खांब दगडी तळखड्यावरच उभे आहेत. आजोबांच्या आधीपासून. मातीला लाकूड लागू द्यायचं नाही, हे आमच्या गावच्या सुताराला कुठल्या इंग्रजी यू शिवाय माहीत होतं. तळखड्यावर खांब ठेवला, वर पाट, म्हणजे खांबांच्या माथ्यावरून जाणारी लांब तुळई, वर शेंड्याचं आढं आणि वासे, कौलं. झालं.

अबोली_प

बापूकाका, तळखड्याचं शंभर टक्के मान्य, पण एक फरक आहे आणि तो इथे जीवघेणा ठरू शकतो. जुनं घर तळखड्यावर टिकतं ते स्वतःच्या वजनावर. भिंती, जाड तुळया, कौलं, माळा, हे सगळं खांबाला खाली दाबून धरतं. गाडीचं छप्पर चारी बाजूंनी उघडं आणि हलकं. वाऱ्याला ते खालून उचलायला मिळतं.

आकडा काढू. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी १२० किलोमीटरचा झोत धरला तर ३३ मीटर प्रति सेकंद, दाब ६७० न्यूटनच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६८ किलो. चौदा बाय वीसचं छप्पर २६ चौरस मीटर. उघड्या छपरावर वर खेचणारा जोर जवळजवळ तेवढाच धरला तर एकूण पावणेदोन टन. सहा खांबांत वाटला तर प्रत्येकी तीनशे किलो, कोपऱ्यातल्या खांबांना जास्त.

मंगलोरी कौलं आणि त्याखालचं लाकूड मिळून यातला बराच भाग परत खाली दाबतात. कौलंच टनभर भरतील. पत्रा मात्र चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. म्हणजे पत्रा घातलात तर छप्पर जमिनीला बांधून ठेवणं ही तुमची जबाबदारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडात अख्खी पत्र्याची छपरं वाशांसकट उडून गेलेली बघितली आहेत. कौलारू घरांची कौलं उडाली, पण सांगाडे बऱ्याच ठिकाणी जागेवर होते.

तेव्हा रंधा म्हणतात तसा बूट हवाच, आणि खाली दोन बाय दोन फूट, अडीच फूट खोल काँक्रीट. असा एक ठोकळा सहाशे-साडेसहाशे किलोचा होतो, उचलायला पुरून उरतो. खाली कातळ लागला तर खोल जायची गरज नाही. कातळात भोकं पाडून सळया सिमेंटच्या घोळाने पक्क्या करायच्या आणि वर ठोकळा. ही साखळी वरपर्यंत न्या: बूट-खांब बोल्टने, खांब-पाट लोखंडी पट्टीने, पाट-वासा पट्टीने. नुसता वरून ठोकलेला खिळा वारा उपसून काढतो.

पाटवाट

बापरे, हे वाचून आधी फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. त्याच्या कोटेशनमध्ये पाया एक फूट खोल होता आणि वर निळे पत्रे. बाबांना अबोलीताईंचा हिशोब वाचून दाखवला, ते म्हणाले, "शेड नको, लाकडाचंच बघ." एक मत फुटलं!

बापूकाका, माड दक्षिणेला आहे, छपरापासून लांब. वानरं मात्र भरपूर.

शंका अशी की बुटावर उभा केलेला खांब हलणार नाही का? जमिनीत रोवला की तो घट्ट राहतो, तो आधार तर आपण काढून घेतला.

रंधा_कानस

बरोबर शंका. बुटातला खांब म्हणजे बिजागरीच. धरून ढकलला तर सगळं छप्पर डुलेल. म्हणून प्रत्येक खांबापासून पाटापर्यंत तिरपे टेकू द्यायचे, लांबीच्या दिशेलाही आणि रुंदीच्या दिशेलाही. पाटाखाली दोन फुटांवर सुरू होऊन पंचेचाळीस अंशात वर जाणारे, तीन बाय तीन इंची. गाडीचं दार त्याखालून जातं, डोकं आपटत नाही. हे टेकू लोक फोटोत शोभेचे समजतात आणि खर्च कमी करायला पहिल्यांदा तेच उडवतात.

सांधे बोल्टवर सोडू नका. खांबाच्या माथ्याला कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, काढा, ते बसायला पाटात भोक, आणि आरपार लाकडी खुंटी. भार लाकडावर लाकूड टेकून खाली जायला हवा, बोल्टने फक्त धरून ठेवायचं. पाट जोडायची वेळ आली तर जोड खांबाच्या डोक्यावरच, मध्ये लोंबता नको.

वालुकामय

देवगडला घर आहे, समुद्र अंगणातच म्हणा. बोल्टबद्दल लिहिते. साधं लोखंड आमच्याकडे दोन पावसाळ्यांत फुगतं आणि लाकूड फोडतं. विजेवर झिलई दिलेले चकचकीत बोल्ट दुकानदार "गॅल्व्हनाइज्ड" म्हणूनच देतात. ते नकोत. भट्टीत जस्त चढवलेले खरखरीत, करडे दिसतात. परवडत असेल तर स्टेनलेस घ्या. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात, ३१६ टिकतं. दीड-दोन किलोमीटर आत असाल तर जस्ताचे चालून जातील, पण जस्ताचा बोल्ट आणि स्टेनलेसचा वायसर अशी खिचडी करू नका, जस्त लवकर झिजतं.

आणि पॉलिश. चकचकीत थराचं कुठलंही पॉलिश बाहेर लावू नका. उन्हाने त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं, मग पापुद्रे निघतात आणि पुढच्या वेळी सगळं घासून काढावं लागतं. तेल बरं. आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, होड्यांना लावतात तेच. काळपट होतं, पण वाळवी आणि बुरशी दोन्ही दूर राहतात. हातमोजे घालूनच लावा, कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि सुकेपर्यंत मुलांना टेकू देऊ नका. लाकडाचा रंग दिसायला हवा असेल तर उकळलेलं अळशीचं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून. ते मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी परत लावावं लागतं. लाकडाची कापलेली टोकं सोडू नका, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितं. वाशांची बाहेर आलेली टोकं, खांबाचं बूड, कुसू, भोक, सगळीकडे जोडायच्या आधी दोन हात.

अवांतर: अळशीच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुर्बीण

फडकं आपोआप पेटतं? मी इतके दिवस समजत होतो की फक्त प्रतिसाद पेटतात.

गोंडवनी

आम्ही तिकडचे, गडचिरोलीचे, म्हणून सागावर बोलायचा हक्क आहे :) आलापल्ली-बल्लारपूरचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला, हे सगळ्यांनी वाचलंच असेल. तरीही पाटवाट, तुम्ही गाडीसाठी सगळं छप्पर सागाचं करू नका, पैसे जास्त झाले असतील तर गोष्ट वेगळी. खांब फणसाचे आहेतच. पाट आणि आढं सागाचं घ्या, वासे ऐनाचे.

वखारीत जाताना हिशोब करून जा. वर दिलेल्या मापांवरून मी काढला: दोन पाट चार बाय सहा इंची, वीस फुटी, मिळून पावणेसात घनफूट. तीन आडव्या तुळया तेवढ्याच जाडीच्या, बारा फुटी, सहा घनफूट. आढं सव्वातीन. वासे दोन बाय चार इंची, दोन फुटांवर एक, म्हणजे अकरा जोड्या, साडेआठ फुटी, साडेदहा घनफूट. रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, पाच घनफूट. टेकू-खुंट्या वगैरे धरून तेहतीस-चौतीस, त्यावर तूट दहा-पंधरा टक्के.

गोल ओंडका घेतलात तर माप घेराच्या चौथाईचं असतं: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका म्हणजे दहा घनफूट. खऱ्या गोलाचं घनफळ त्याहून जास्त भरतं, ती सवलत साल आणि भुशाची. पण वाकडा ओंडका असेल तर ती सवलत गिरणीतच संपते. चिरलेल्या मालात पांढरा भाग मापात धरला जातो, तेव्हा भाव ठरवण्याआधी प्रत्येक नग उलटून बघा. आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला सागही आता सगळीकडे मिळतो. लागवडीचा, लवकर वाढवलेला, त्यात गाभा कमी आणि पांढरं जास्त.

खोताचा बापू

आणि स्वतःच्या रानातला ऐन तोडायचा विचार डोक्यात असेल तर आधी परवानगी. साग, ऐन, किंजळ, फणस ही सगळी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत. जमीन तुझी म्हणून झाड तोडायला तू मोकळा नाहीस. वाहतुकीचा पास वेगळा. वखारीतून घेतलंस तर पावती जपून ठेव, रस्त्यात टेम्पो अडवला तर तीच दाखवायची.

पाटवाट

छप्पर कशाचं, यावर अजून अडलंय. कौलं घातली तर उतार किती लागेल? वानरांचं काय? घराच्या पडवीला जोडून एकाच उताराचं छप्पर काढलं तर एका बाजूचे खांब वाचतील असं गावातल्या मिस्त्रींचं म्हणणं आहे.

अबोली_प

मिस्त्रींचं ऐकू नका, या बाबतीत तरी. कौलांना कोकणात तीस अंशांचा उतार हवा, त्याहून कमी असेल तर वाऱ्याबरोबर पाणी उलटं वर चढतं. चौदा फूट रुंदीला एकाच बाजूने तीस अंश म्हणजे आठ फूट चढ. तुमच्या पडवीची वळचण आधीच सात-साडेसात फुटांवर असेल, तर बसवणार कुठे? दोन पाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरतं, केलं तर अर्धी रुंदी सात फूट, चढ चार फूट. आढं साधारण बारा-साडेबारा फुटांवर येईल आणि मूळ घराच्या छपराशी जुळेल.

शिवाय जुन्या भिंतीत तुळई घुसवायची म्हणजे जांभा फोडायचा, आणि दोन छपरांच्या सांध्यात जन्मभर गळती. नवं छप्पर स्वतःच्या सहा खांबांवर, घरापासून सुटं ठेवा. मध्ये हातभर फट. घराच्या पागोळ्या त्या फटीत पडू द्या, खाली दगडी चर काढा. गाडीच्या छपराला मात्र पन्हळ हवी. तासात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर २६ चौरस मीटरवरून तेराशे लिटर पाणी उतरतं. ते खांबांच्या पायथ्याशी पडून उपयोग नाही, विहिरीकडे किंवा बागेत न्या.

वानरांसाठी: खाली रंगीत पत्रा, त्यावर रिपा, वर मंगलोरी कौलं. कौल फुटलं तरी गाडीवर थेंब येत नाही, कौलांमुळे पत्रा तापत नाही, पावसाचा ताशाही वाजत नाही. वजनही राहतं. यात पत्र्याच्या उताराला समांतर, म्हणजे वरून खाली, आधी उभ्या पट्ट्या आणि मग त्यावर आडव्या रिपा असं करा. नुसत्या आडव्या रिपा पत्र्यावर ठोकल्या तर झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेपाशी अडून राहील.

जर्सीकर

हे दुहेरी छप्पर आवडलं. आमच्याकडे तुमच्या वाऱ्याच्या जागी बर्फाचं वजन मोजतात, बाकी गणित तेच. रंधा_कानस, बुटाचा मुद्दा आता पटला. माझ्या खांबांच्या बुडाशी या शनिवारी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघतो.

पाटवाट

म्हणजे गाडीवर दोन पाखी कौलारू छप्पर हे जवळजवळ ठरलं. पण आमच्या सौ.ची मधुमालती राहिली की! ती म्हणते, तुम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्या बाबांचं मत सागवानात घडवून दिलंत, माझं काय?

वालुकामय

वहिनींना सांगा, छपराच्या लाकडावर वेल नको. मधुमालती भराभर वाढते, पानांचा ढीग कौलांत अडकतो, पन्हळ तुंबते आणि खालचं लाकूड पावसाळाभर ओलं राहतं. वेल मुंग्याही आणते. पण खळं आहे ना?

खोताचा बापू

तेच लिहायला आलो होतो. खळ्यात मांडव घाला! दिवाळी झाली की सुरूचे किंवा बांबूचे खांब, वर पोफळीच्या चिरलेल्या रिपा, वर झावळ्यांचे झाप. होळी, मे महिन्यातले पाहुणे, आंब्याच्या पेट्या, सगळं त्याच्याखाली. पावसाआधी उतरवून खांब गोठ्यात. तुमचा पर्गोला म्हणजे पावसाळ्यातही न उतरवलेला मांडव, म्हणून तो कुजतो. आपल्या लोकांनी दर वर्षी उतरवला म्हणून साधा बांबूसुद्धा तीन-चार हंगाम चालायचा. झापाखाली मेच्या भर दुपारी जी सावली पडते ती पट्ट्यांच्या बापाला जमणार नाही.

रंधा_कानस

बापूंना +१. त्यात थोडी सुधारणा सुचवतो. खळ्याच्या कडेला काँक्रीटमध्ये लोखंडी नळ्यांची तोंडं जमिनीच्या पातळीवर कायमची बसवून घ्या, झाकणासकट. दर वर्षी खांब त्यात उभे करायचे, खणायला नको. नळीला तळाशी भोक पाडा आणि खाली खडी भरा, नाहीतर पावसाळ्यात डासांची सोय. वेलासाठी खळ्याच्या पूर्व कडेला एकच सुटी कमान करा, जस्ताच्या पाइपची. मधुमालती तिच्यावर राहू दे, लाकडाला हात लावायचा नाही.

पाटवाट

घरी वाचून दाखवलं. मंजूर! कमान पूर्वेला, मांडव खळ्यात, गाडी उत्तरेला. आईने वर एक अट घातली आहे, की पश्चिमेची बाजू झडीसाठी बंद हवी, म्हणजे गाडी नसेल तेव्हा लाकडं आणि गोवऱ्या ठेवता येतील.

अबोली_प

आईंची मागणी योग्य आहे, नाहीतरी झड तिथूनच येते. पण ती बाजू भिंतीसारखी पक्की बंद करू नका, वारा अडला की छपराला खालून उचलणारा जोर वाढतो. झावळ्यांची झडपं जूनमध्ये बांधा, ऑक्टोबरात काढा. किंवा लाकडी पट्ट्यांची जाळी, मध्ये दोन-दोन बोटं फट ठेवून. म्हणजे वहिनींच्या पट्ट्याही झाल्या. लाकडं-गोवऱ्या खांबाला टेकवून रचू नका. वाळवीला तो जिना होतो आणि बुटाचं सगळं काम फुकट जातं.

ग्रामपंचायतीला आधी विचारा आणि मगच खड्डे घ्या. पुण्या-ठाण्यात वाचणाऱ्यांसाठी: बंगल्याच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, असं छप्पर घालायचं तर महापालिकेचे नियम वेगळे आहेत, तुमच्या आर्किटेक्टला नकाशा दाखवून घ्या.

गोंडवनी

सुतार ठरला का? त्याला आधी जमिनीवर एक पूर्ण चौकट आडवी जुळवायला सांगा: दोन खांब, तुळई, टेकू. ती बरोबर बसली की तिच्यावरून बाकीच्या दोन मारा. काँक्रीटमधले बूट मात्र त्या जुळलेल्या चौकटीवर माप घेऊनच बसवा, कागदावरच्या मापावर नाही.

पाटवाट

सुतार गावातलेच आहेत, कौलारू कामाचा हात असलेले. खड्डे दिवाळीनंतर, लाकूडकाम डिसेंबरात, होळीच्या आत कौलं चढवायची असा बेत आहे. एकच विचारायचं राहिलं: खांब पाच इंची, बूट बाहेरून पाच मिलिमीटर सैल केला तर चालेल का, की घट्टच हवा?

रंधा_कानस

पाच मिलिमीटर जास्त झाले. दोन्ही बाजूंना मिळून तीन पुरेत. तुमचे खांब अजून थोडे आकसणार आहेत, पण पावसाळ्यात परत फुगणार. बूट घट्ट केलात तर जुलैत लोखंड लाकडात रुतेल. बोल्ट बारा मिलिमीटरचे, प्रत्येक बुटात दोन, एकाच रेषेत नकोत, नाहीतर त्या रेषेवर खांब फाटेल. मोठे चौकोनी वायसर घाला आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळ्या नटांना पाना लावून परत आवळा. बोल्ट घेताना खांबाची जाडी, दोन पट्ट्या, दोन वायसर आणि नट एवढं धरून वर अर्धा इंच आटा राहील अशी लांबी घ्या, म्हणजे साडेसहा इंच. आणि फोटो टाका.